अळणी नवस

आसराबाई जेवायला बसली की गावाची करमणूक व्हायची. मांडी ठोकून बसायचं, दोन्ही हातांनी भाकरी चुरायची, वरून कालवण ओतायचं, आणि मग पंधरा मिनिटं बाईचं जगाशी काही घेणं-देणं नसायचं. लग्नाच्या पंगतीत म्हणे नवरीनं स्वतःहून तिसरी पुरणपोळी मागितली. सासू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सून बघायला गेल्तो, पिठाची चक्की घेऊन आलो." आसराबाईनं घास गिळला आणि म्हणाली, "चक्कीला दाणे लागत्यात, मामी. वाढा." सासूनं पुढं पंचवीस वर्षं ही गोष्ट पाव्हण्यारावळ्यांना सांगितली, आणि दर वेळी पोळ्यांचा आकडा एकानं वाढत गेला.

नवरा लवकर गेला, पोटी काही नव्हतं. आसराबाई माहेरी परत आली. माहेर म्हणजे कुंभार पिंपळगावापासून पाचेक किलोमीटरवरची धनगरवस्ती. बापाच्या काळी मेंढरं घेऊन गोदाकाठानं आठ-आठ महिने हिंडणारी ही माणसं आता ऊस लावतात, अंकुशनगरच्या कारखान्याला घालतात, आणि जुनी सवय मोडवत नाही म्हणून दारात वीस-पंचवीस मेंढ्या बाळगतात. धाकट्या भावानं, कारभारीनं, आपल्या घराला लागून तिला पत्र्याची खोली काढून दिली. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम तिला लागलं, त्याला आता चौदा वर्षं झाली.

तिथं बाईची एक वेगळीच विद्या उघडी पडली. तिला ताटं वाचता यायची. खिचडीचा ढीग ज्यानं मधोमध फोडला ते पोर खरं भुकेलं. कडेकडेनं उकरून खातं त्याच्या घरी भांडण झालंय. आणि जे नुसतं शेजाऱ्याच्या ताटाकडं बघतं त्याला ताप येणार आहे. एकदा तिनं नव्या गुरुजींना सांगितलं, त्या तिसरीतल्या पोरीच्या आईला बोलावून घ्या. गुरुजी हसले. तिसऱ्या दिवशी पोरगी काविळीनं पिवळीधम्मक. तेव्हापासून गुरुजी हजेरी घ्यायच्या आधी आसराबाईला विचारायचे, आज कसं काय आहे वर्गाचं.

एवढी ताटं वाचणाऱ्या बाईला आपल्या घरातलं ताट वाचता आलं नाही, ती ही गोष्ट.

कारभारीला एकच लेक, शिवकन्या. आत्याच्याच ताटात जेवून मोठी झालेली. उंच, ताठ, बोलायला फटकळ. बारावी झाल्यावर तिनं ठरवलं, पोलीस व्हायचं. आपल्या वस्तीतली पहिली वर्दी आपल्या अंगावर. तालुक्याच्या गावी एका अकॅडमीत नाव घातलं, पहाटे उठून पळायला लागली. भरतीला मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. पहिल्या खेपेला ती थोडक्यात मागं राहिली. मैदानावरच अकॅडमीच्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "शिवकन्या, दोन भाकरी कमी कर, वर्दी आपोआप अंगात बसंल." सगळे हसले. तीही हसली. सर संध्याकाळपर्यंत विसरले असतील. पोरगी विसरली नाही.

आधी रात्रीची भाकरी सुटली. मग भात. मग तेलाचं काहीही. आई विचारायला लागली तेव्हा तिनं सोमवार धरला. सोमवारी कुणी काही विचारलं नाही. मग गुरुवार धरला, मग शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. जेवण नको म्हटलं तर घरात दहा प्रश्न उठतात, उपवास आहे म्हटलं तर एकही उठत नाही. हे त्या पोरीला बरोबर कळलं होतं, आणि घरात दुसऱ्या कुणालाच कळलेलं नव्हतं.

उलट कौतुक सुरू झालं. आजकालच्या पोरी मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात, आणि ही बघा. श्रावणात गावात सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी कीर्तनकार महाराजांनी शिवकन्येला पुढं बोलावलं, हातात नारळ दिला, अंगावर शाल घातली आणि असा निग्रह लाखात एकाकडं असतो म्हणून सांगितलं. पोरीचे गुडघे थरथरत होते. लोकांना वाटलं, भक्तीनं. तिच्या आईनं, उषाबाईनं, पदरानं डोळे टिपले. आणि आसराबाई? ती तर सगळ्यांत पुढं. ही माझी भाची म्हणून पाच गावच्या बायांना सांगत होती.

पुढच्या सोमवारी उषाबाईनं लेकीसाठी साबुदाण्याची खिचडी केली. शिवकन्या ताटली घेऊन अंगणात गेली आणि रिकामी घेऊन आली. दुपारी आसराबाई शेळ्यांना पेंड घालायला गेली, तर गव्हाणीच्या तळाशी पांढरे मोती. साबुदाणा. शेळीच्या मिशीलासुद्धा दोन दाणे. बाई तिथंच उकिडवी बसली. मग तिनं मागचे दोन महिने आठवून पाहिले, आणि त्यात पोरीचा चावताना हललेला जबडा तिला कुठंच दिसेना.

ती बोलली नाही. दोन-तीनदा ओठांवर आलं आणि मागं गेलं. उपवासावर शंका घ्यायची म्हणजे देवावर शंका घ्यायची. आणि उषाबाई काय म्हणणार तेही तिला ठाऊक होतं: वन्सं, तुम्हाला खाण्यापलीकडं काय कळतंय. जन्मभर जेवणावरून थट्टा झालेल्या बाईनं उपवासाबद्दल कुठल्या तोंडानं बोलावं? सोळा दिवस ती गप्प राहिली. सतराव्या दिवशी शिवकन्या पाण्याच्या टाकीजवळ घागरीसकट कोसळली. उचलायला गेलेल्या कारभारीला घागरच जड लागली, लेक नाही.

जालन्याच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. रक्तातले क्षार उतरले होते, काळीज कधी हळू कधी जोरात चालत होतं. तिथं प्रियदर्शनी मॅडम म्हणून मनाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी आई, बाप आणि आत्या अशा तिघांना समोर बसवलं आणि साध्या भाषेत सांगितलं की हा जेवणाचा आजार आहे. हट्ट नाही, थेरं नाहीत, देवाचं तर काहीच नाही. पोरीला भूक लागत नाही असं समजू नका, तिला भूक लागते आणि त्या भुकेचीच भीती वाटते. मग त्यांनी घरी करायचं सांगितलं. दिवसातून ठरलेल्या वेळी खाणं. एकही उपवास नाही. तिच्याबरोबर रोज कुणीतरी बसून तेच जेवायचं, तेवढंच जेवायचं. तिच्या ताटाकडं टक लावायची नाही, घास मोजायचे नाहीत, शाबासकी नाही आणि रागावणं नाही. जेवण झाल्यावर तासभर तिला एकटं सोडायचं नाही. दर पंधरा दिवसांनी वजनाला आणायचं. वजन करताना त्या तिला काट्याकडं पाठ करून उभं करायच्या आणि आकडा फक्त फाइलीत लिहायच्या. कारभारीनं विचारलं, किती दिवसांत बरी होईल? मॅडम म्हणाल्या, दिवसांत नाही, वर्षांत विचारा. आणि वजन आणखी उतरलं तर काळजाचं मी सांगू शकत नाही.

घरी आल्यावर सल्ला द्यायला वस्ती लोटली. शेजारच्या गोजरबाईचं म्हणणं, लगीन लावून द्या, सासू दोन दिवसांत खायला शिकवील. कुणी म्हणालं, काही करणी आहे का बघून घ्या. शिवकन्येच्या समोर, ती जणू भिंत आहे असं समजून बोलायचे. आसराबाईनं एकदा गोजरबाईला विचारलं, "तुझी म्हैस आटली तव्हा तिचं लगीन लावलं व्हतं का गं?" गोजरबाई आठवडाभर आली नाही. तेवढाच त्या महिन्यातला विनोद.

आणि घटस्थापना आली. या घरात नवरात्राचे नऊ दिवस बाया उपवास धरायच्या, शिवकन्यासुद्धा चार वर्षांपासून धरत होती. डॉक्टरनं मोडायला लावला. उषाबाईच्या मनाला ते लागलं. घरातला धरलेला उपवास मोडला तर तो कुणीतरी उचलायला पाहिजे, रिकामा सोडता येत नाही, अशी तिची समजूत. तिनं कुणाला न विचारता बिरोबाच्या देवळात जाऊन नवस बोलला: पोरगी कुणी न सांगता आपल्या हातानं वाढून घेऊन पोटभर जेवत नाही, तोवर मी मीठ खाणार नाही.

नवमी झाली, दसरा झाला. घरात दोन भांड्यांत स्वयंपाक व्हायला लागला. उषाबाई लेकीसमोर बसायची आणि अळणी भाकरी पाण्याबरोबर गिळायची. तिला वाटायचं, आई आपल्यासाठी एवढं सोसते हे बघून पोरीला बळ येईल. चूक म्हणावी तर अशी, की तिच्यात मायेशिवाय काही नाही. लेकीचं न खाणं थांबावं म्हणून आईनं स्वतःचं खाणं सोडलं. जो आजार पोरीला उपवासाच्या पदराखाली लपून आला, त्याच्याच पदराखाली आई जाऊन बसली.

दिवाळीपर्यंत उषाबाईच्या पिंडऱ्यांत गोळे यायला लागले, शेतात चक्कर यायला लागली. शिवकन्या ताट संपवायची. आईकडं बघत भराभरा संपवायची, आणि मग गोठ्यामागं जाऊन सगळं बाहेर काढायची. दिवाळीनंतरच्या वजनाला प्रियदर्शनी मॅडमनी फाइलीत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, उतरलंय. आणखी एकदा उतरलं तर मी हिला घरी सोडणार नाही, आणि उशीर झाला तर माझ्याही हातात राहणार नाही.

त्या दिवसापासून आसराबाईनं दुपारचं जेवण आपल्या अंगावर घेतलं. शाळेतली भांडी घासून झाली की दोन वाजता ती खोलीत यायची, शिवकन्येला बोलवायची, दोघींची ताटं सारखी वाढायची. पहिल्या दिवशी बाईनं नेहमीसारखा पंधरा मिनिटांत फडशा पाडला. मान वर करून बघते तर पोरगी अख्ख्या भाकरीसमोर एकटीच बसलेली, पुरात अडकल्यासारखी. दुसऱ्या दिवसापासून आसराबाई हळू जेवायला शिकली. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईनं घास चावायला शिकावं! एकेका घासाबरोबर एकेक गोष्ट काढायची. बापाचं कुत्रं गोदावरीत कसं वाहून गेलं आणि आठ दिवसांनी पैठणच्या बाजूला कसं सापडलं. वडीगोद्रीला हायवेवर मेंढरं आडवी घातली तर मोटारीतला साहेब कसा चिडला आणि मग आपल्या पोरांचे मेंढरांबरोबर फोटो काढत तासभर तिथंच कसा रमला. जेवणाबद्दल मात्र एक शब्द नाही. जेवण झालं की दोघी मिळून शेंगा फोडायच्या, तासभर. गोठ्याकडं जायचा रस्ता आसराबाईच्या दारात पसरलेल्या पायांवरून जात होता आणि तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही.

चार-पाच दिवसांनी दुपारचं अन्न पोटात टिकायला लागलं. सकाळचं आणि संध्याकाळचं नाही. कारण त्या वेळी समोर आई असायची. असंच शेंगा फोडता फोडता एकदा शिवकन्या आपणहून बोलली.

"आत्या, माझ्या ताटात भाकरी नसतीय. आई असतीय. घास घेतला की वाटतं आईला खाऊन राह्यले. सोडला की वाटतं आईला उपाशी मारून राह्यले. मी काय करू?"

आसराबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. पण कुणाशी बोलायचं ते तिला कळलं.

उषाबाईशी ती बोलली, त्याचं भांडण झालं. उषाबाईचं म्हणणं एकच, डॉक्टर गोळ्या देते, वन्सं जेवायला बसतात, बाप गाडी घेऊन जालन्याला नेतो, मी आई, माझ्या हातात दुसरं काय आहे? आणि बोललेला नवस मोडला तर देव पोरीवरच उलटेल, त्याचं पाप कुणाच्या डोक्यावर? शेवटी दोघींनी ठरवलं, देवालाच विचारू. देवानं मोकळं केलं तर उषाबाई मीठ खाईल.

बिरोबाची पूजा रखमाजीकडं. म्हातारा वस्तीतला सगळ्यांत जुना माणूस, लांबून कारभारीचा चुलता लागतो. देवाचा कौल लावायची रीत अशी: देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवं पडलं तर देवाची हरकत नाही. डावं पडलं तर नाही म्हणून समजायचं. रविवारी सकाळी दोघी गेल्या. रखमाजीनं गाऱ्हाणं घातलं, लेकराचं नाव घेतलं, आईचं नाव घेतलं. मग तिघं फूल पडायची वाट बघत बसले. बाहेर ऊन चढलं. अर्धा तास गेला आणि फूल पडलं. डावं.

रखमाजीनं फुलं परत भिजवली. त्यानं आपल्या मनानं दुसऱ्यांदा लावलं, असं तो कधी करत नाही. परत डावं. म्हातारा उषाबाईकडं न बघता म्हणाला, "माझं काही चालंना गं, बाई."

उषाबाई रडली नाही. पदर सावरून उठली आणि घरी येऊन आपली अळणी भाकरी थापायला बसली, पहिल्यापेक्षा ताठ. पुढच्या वजनाला नऊ दिवस राहिले होते.

आसराबाई चुलीपाशी जाऊन बसली. सोळा दिवसांचं तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, भावालासुद्धा नाही. सांगितल्यावर या घरात आपल्याला जागा राहील की नाही, हेही तिला माहीत नव्हतं.

"उषे, ती पडली त्याच्या आधी सोळा दिवस मला ठाऊक व्हतं. गव्हाणीत साबुदाणा बघितला व्हता मी. देवाचं काम हाय म्हणून गप बसले. देवाला भिले. त्या सोळा दिवसांत पोरीचं काय झालं ते तू बघितलंस. देवानं मला काय बी केलं न्हाई. जे झालं ते पोरीला झालं."

उषाबाईची भाकरी तव्यावर जळायला लागली. तिनं ती उलटवली नाही. मग तिनं तोंड उघडलं आणि नणंदेला जे बोलायचं ते बोलली. ते इथं लिहायचं कारण नाही. एवढी वर्षं एका अंगणात राहून साठलेलंही त्यात होतं. तुम्ही माझ्या पोरीला मारत होता, असंही त्यात होतं. आसराबाई ऐकत राहिली. उठून गेली नाही.

बोलून बोलून उषाबाई थकली तेव्हा तिनंच हळू आवाजात विचारलं, "मंग मी बी तेच करून राह्यले का?"

आसराबाई म्हणाली, "मला काय विचारतीस. पोरीला विचार."

उषाबाईनं पोरीला विचारलं की नाही, ते त्या दोघींनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एकाच भांड्यात पिठलं केलं, तीन ताटं वाढली, आणि आपल्या ताटाच्या कडेला मिठाची चिमूट ठेवली. देवळाच्या दिशेनं हात जोडले. मग पिठल्यात भाकरी बुडवून तोंडात घातली आणि डोळे मिटून घेतले, विष घ्यावं तसे. काहीच झालं नाही. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. शिवकन्येनं आईकडं पाहिलं आणि पाव भाकरी खाल्ली. खाऊन झाल्यावर गोठ्याकडं गेली नाही, आईच्या शेजारी बसून राहिली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी मेंढ्या ज्वारीच्या रानात शिरल्या. ज्वारी काढून झाल्यावर खोडाला कोवळे फुटवे येतात, ते जनावरांना विषासारखे लागतात. हे धनगराच्या लेकराला चालायला लागायच्या आधी कळतं. कुंपणाचा एक काटा सरकला होता एवढंच. तीन मेंढ्या तडफडून मेल्या, त्यांतली एक गाभण. गुरांचा डॉक्टर आला, फुटव्यांचंच आहे म्हणाला. कारभारीनं मान हलवली, त्याला ते डॉक्टरआधी कळलं होतं. पण मेंढ्या पुरून आल्यावर पाय धुता धुता तो आसराबाईला म्हणाला, "ते समदं बराबर हाय. पण याच आठवड्यात कसं?"

वस्तीला तर विचारायलाच नको. डावा कौल सगळ्यांना ठाऊक होता. गोजरबाई दारात येऊन उभी राहिली आणि चांगुलपणानंच म्हणाली की अजून वेळ गेली नाही, उषा, मीठ सोड, पुढचा नंबर जनावराचा नसतो.

हे शिवकन्येनं आतून ऐकलं.

दुपारी दोन वाजता आसराबाई शाळेतून आली तेव्हा पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती. सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. हाक मारली तर म्हणाली, "आत्या, मी जेवले की कुणी ना कुणी मरतंय." आणि पांघरूण ओढून घेतलं. वजनाला तीन दिवस राहिले होते. आसराबाईला आपल्या सगळ्या गोष्टी आठवल्या, कुत्र्याची, मोटारवाल्या साहेबाची, आणि त्यांतली एकही जिभेवर येईना. ती उंबऱ्यावर बसली. आज पहिल्यांदा तिला वाटलं, आपण ही पोरगी घालवली.

उषाबाई चुलीपाशी होती. गोजरबाईला तिनं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. ती उठली. तीन ताटं घेतली. भाकरी, वांग्याची भाजी, तिन्ही ताटांत सारखं. आपल्या ताटात मिठाची चिमूट ठेवली, आणि ताटं नेऊन लेकीच्या अंथरुणाशेजारी मांडली.

"शिवे, ऊठ. जेवायला बस."

"आई, मेंढ्या..."

"मेल्या. कुंपण सरकलं म्हणून मेल्या. आन् देवानं मारल्या असतील तर माझ्यासाठी मारल्या, नवस माझा व्हता. त्याचं मी आन् देव बघून घेऊ. तुझा यात काय बी संबंध न्हाई. मी जेवून राह्यले. तू ये."

आणि ती जेवायला लागली. भीती गेली होती असं बिलकुल नाही. घास तोंडात फिरत होता, डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. पण ती खात राहिली, तीन मेंढ्या आणि डावा कौल समोर बसवून खात राहिली. आसराबाई उंबऱ्यावरून उठून तिसऱ्या ताटावर येऊन बसली. कुणी पांघरुणाकडं पाहिलं नाही. भाजी गार झाली. भाकरी वाळली. उषाबाई नणंदेला विचारत होती, उद्याच्या बाजारातून दोरखंड आणायचा का, कुंपणाला लागेल. आसराबाई म्हणत होती, दोर नको, तार आण.

बऱ्याच वेळानं पांघरूण हललं. शिवकन्या उठून बसली. ताट पुढं ओढून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून राहिली. मग तो तोंडात घातला. अर्धी भाकरी खायला तिला दीड तास लागला, आणि तो दीड तास कुणी जागचं हललं नाही. शेवटच्या तुकड्याला ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होती, पण चावत होती.

तीन दिवसांनी जालन्याला पाठमोरं वजन झालं. प्रियदर्शनी मॅडमनी फाइलीत लिहिलं आणि उषाबाईला बाहेर बोलावून सांगितलं की वाढलं असं म्हणता येणार नाही, पण उतरलेलं नाही. भरती करत नाही. पंधरा दिवसांनी परत आणा. काळजाचा धोका टळला असंही समजू नका.

परत येताना कारभारी ऊसतोडीच्या गडबडीत होता म्हणून तिघी एसटीनं निघाल्या. अंबडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती, तासभर थांबावं लागणार होतं. खायची वेळ झालेली. उषाबाईनं लेकीला विचारलं, काय घेऊ? शिवकन्या म्हणाली, "तुला काय पाह्यजे ते सांग." उषाबाईला पटकन सुचलंच नाही. किती वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मग लाजल्यासारखं करून म्हणाली, भजी.

कागदावर भजी आली, तेलाचे डाग पसरलेली. शिवकन्येचा चेहरा पांढरा पडला. तिनं एक उचललं, खूप वेळ हातात धरलं, अर्धं खाल्लं आणि अर्धं कागदावर परत ठेवलं. उषाबाई आपलं भजं खात फलाटाच्या पाट्या वाचत होती. आसराबाई गावाकडं नेणाऱ्या घनसावंगीच्या गाडीची वाट बघत तोंड फिरवून बसली होती. उरलेल्या अर्ध्याचं पुढं काय झालं, ते दोघींपैकी कुणीही पाहिलं नाही.